भिंगाच्या डावीकडे

फोटोवालीच्या धाकट्या दिराला सगळे काटा म्हणत, तराजूचा. वापरलेल्या कॅमेऱ्यांचं दुकान चालवण्यात त्याची हयात गेली होती. समोर आलेली वस्तू तळहातावर घेऊन, डोळे मिटून, दोनदा वर-खाली केल्याशिवाय तो तिच्याबद्दल तोंड उघडत नसे. माणसांच्या बाबतीतही त्याची तीच तऱ्हा, पण माणसं तळहातावर मावत नाहीत म्हणून नजरेनं भागवायचा. भावजय दुकानात आली तेव्हा त्यानं तिच्या उजव्या मनगटाचा पट्टा पाहिला आणि काउंटरवर दोन कॅमेरे काढून ठेवले.

"वहिनी, हा तुमचाच जुना. फुल-फ्रेम. नवं शटर घातलंय, आता दहा वर्षं बघायला नको. लेन्स धरून दीड किलो. आणि हा कॉम्पॅक्ट. सेन्सर चांगला मोठा, आत आरसा नाही, कोटाच्या खिशात मावतो. जुन्याच्या बदल्यात देतो. तुमच्या मनगटाला विचारलं तर ते काय सांगेल, मला ठाऊक आहे."

"मनगटाला कोण विचारतंय, भाऊजी? गिऱ्हाईक मोठा कॅमेरा बघून गप्प बसतं. असला खिशातला काढला की म्हणेल, हे तर माझ्याकडेही आहे."

"मग आठ दिवस दोन्ही वापरून बघा. एक परत आणा. भावजय असलात तरी दोन्ही ठेवायची भाषा करायची नाही."

फोटोवालीचं काम ओळखपत्रांचं. कचेऱ्या, शाळा, कारखाने, जिथे माणसाच्या गळ्यात त्याचाच चेहरा अडकवतात, तिथे ती पांढरा कपडा, स्टूल आणि छत्रीचा दिवा घेऊन जायची. दिवा धरायला नवरा असायचा, म्हणून त्याचंही नाव छत्रीच पडलं होतं. तो तिच्या डाव्या हाताला, एका पावलावर उभा राही आणि ऐन शटर दाबताना समोरच्याला काहीतरी चावट बोले. त्यामुळे माणसं हसत, ती बरोबर त्याच्याकडे बघून. दोघांनी मिळून काढलेल्या सगळ्या फोटोंत नजर भिंगापासून जराशी सरकलेली. गिऱ्हाइकं कुरकुरत आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्यांनाच बोलावत, कारण ओळखपत्रावर माणसासारखे दिसायचे ते तेवढेच.

छत्रीला जाऊन दोन वर्षं झाली होती. तो गेला त्याच महिन्यात कॅमेऱ्याचं शटर अडकलं. तेव्हापासून ती भाड्याच्या कॅमेऱ्यावर काम रेटत होती. घरात आता ती आणि सासूबाई, आणि दोघींचं सगळं या एका धंद्यावर. काचेच्या कारखान्याचं साडेसहाशे माणसांचं काम समोर होतं. अट एकच, नजर थेट भिंगात हवी. फाटकावरचं यंत्र फोटोवरून चेहरा ओळखणार होतं, आणि यंत्राला चावटपणा कळत नाही. आधी बारा नमुने द्यायचे, ते पास झाले तर काम.

घरी येऊन तिनं पुढच्या खोलीत भिंतीला पांढरा कपडा लावला, स्टुलावर सासूबाईंना बसवलं आणि समोर कॅमेऱ्याचं तिकाटणं उभं केलं.

"माझा फोटो कशाला? मला कुठल्या फाटकातून आत सोडणार आहेत?"

"कॅमेरा तपासतेय, आई. तुम्ही नुसतं भिंगात बघा."

"बघते बाई. या वयात दुसरं बघायला आहे काय?"

आधी छोटा. सासूबाई नीट भिंगात बघत होत्या. पडद्यावर तसंच दिसलं आणि फोटोतही तसंच आलं. मग मोठा. डोळा लावून पाहिलं, नजर थेट. बोट दाबलं. आतला आरसा उचलला गेला, डोळ्यापुढे क्षणभर काळोख झाला, आरसा खाली आला, आणि सासूबाई होत्या तशाच बसलेल्या. फोटो पाहिला तर त्या भिंगाच्या डावीकडे, एका पावलावर, कुणाकडे तरी बघून हसत होत्या.

"आई, मध्येच कुठे बघितलंत?"

"कुठे बघणार? तूच म्हणालीस ना, भिंगात."

तिनं अकरा फोटो काढले. अकराही तसेच. शटरचा वेग वाढवत वाढवत शेवटच्या टोकाला नेला. एवढ्या वेळात माणसाची पापणीसुद्धा पुरती हलत नाही, मग मान वळून, हसून, पुन्हा जागेवर कशी येणार? तिचं सगळं आयुष्य या कॅमेऱ्यामागे गेलं होतं, आणि तरी एक गोष्ट तिनं कधी मनावर घेतली नव्हती. मोठ्या कॅमेऱ्यात फोटोग्राफरला सगळं दिसतं, पण जो क्षण फोटोत जातो नेमका तोच दिसत नाही. तेवढ्यापुरता आरसा वर गेलेला असतो. त्या क्षणी खोलीत काय होतं, ते समोर बसलेल्यालाच माहीत. छोट्यात आरसा नाही, काळोख नाही, आणि गुपितही नाही.

तिसऱ्या दिवशी ती कारखान्यात गेली. बारा कामगार ओळीनं बसले, प्रत्येकाचे दोन्ही कॅमेऱ्यांनी फोटो झाले. हजेरीचं रजिस्टर सांभाळणारा कारकून तिच्या खांद्यावरून पडद्यात डोकावत होता.

"बाई, छोट्यावरचे ठीक आहेत. मोठ्यावर सगळे तिकडे का बघतात? तुम्ही आमच्या माणसांना काही दाखवता का?"

"मी कशाला दाखवू?"

"मग हा बघा. हा भट्टीवाला. दहा वर्षांत मी याला हसताना पाहिलं नाही."

भट्टीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, मी हसलोच नाही. फोटोत त्याचे सगळे दात दिसत होते.

हिशेब तर तिथेच सुटला होता. छोट्यावर काम पास, मनगट खूश, दीरही खूश. तरी ती घरी येऊन मोठा कॅमेरा मांडीवर घेऊन बसली. हे हसणं तिला ओळखीचं होतं. छत्रीच्या एकाच कोटीला असे दात दिसत, आणि ती कोटी चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती. तो तिथे होता. दोन वर्षं ज्या बाजूला ती वळून बघायचं टाळत होती, त्या बाजूला.

सासूबाईंना तिनं काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या केस विंचरून, तोंड धुऊन, आपणहून स्टुलावर येऊन बसलेल्या.

"आज नाही काढायचे?"

"काढते की." तिनं छोटा हातात घेतला.

"तो नको. मोठ्याचेच बरे येतात."

"तुम्ही एक तरी फोटो बघितलात का, आई?"

"बघायला कशाला पाहिजे? मोठाच ठेव. मनगट दुखलं तर मी शेक देईन रोज. पण तो परत करू नकोस." आणि मग, सुनेच्या तोंडाकडे न बघता, "खट् वाजतं ना, तेवढं बरं वाटतं गं."

आईला मुलगा मिळत होता. एका खटक्याला एक क्षण, पण मिळत होता. तो परत दुकानात ठेवून यायचा तर कुठल्या तोंडानं? आणि ठेवायचा तर साडेसहाशे माणसांचं काम हातचं जाणार, भाड्याच्या कॅमेऱ्यावर रेटले तसलेच दिवस पुन्हा सुरू, आणि खाणार काय? फोटोवाली व्यवहारी बाई. दोन्ही पारडी जड झाली तेव्हा तिनं तिसराच मार्ग काढला. नजर डावीकडे जाते ती तिथे जागा आहे म्हणून. जागाच ठेवली नाही तर? तो घरात राहील, फोटो पास होतील, कुणालाच काही परत करावं लागणार नाही. ज्या घरात दोघांचा धंदा एका खोलीत चालला, तिथे असलाच हिशेब सुचतो. पसारा झाला की सामान सरकवायचं.

तिनं तिकाटणं डाव्या भिंतीला चिकटवलं. आता तिच्या डाव्या खांद्याला गार भिंत लागत होती. तिथे कागदसुद्धा सरकला नसता. स्टूल समोर घेतलं, सासूबाई बसल्या, खट्.

फोटोत सासूबाई तिच्या खांद्यावरून मागे बघत होत्या. हसू थोडं कमी झालं होतं. अडचणीत उभ्या असलेल्या माणसाकडे बघून हसावं, तसं.

ती झटकन मागे वळली. मागे खोलीचा रिकामा भाग आणि उघडं दार. मानेवर काही जाणवलं नाही. काही जाणवलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही. उजेड बघत होते."

सातव्या दिवशी तिनं तिकाटणं कोपऱ्यात ढकललं. डावीकडे भिंत, पाठीला भिंत, उजवीकडे कपाट ओढून आणलेलं. ती मधे अशी बसली की श्वास घेतला तरी पाठ घासत होती. आता या खोलीत भिंगाच्या मागे एकाच माणसापुरती जागा होती.

"अशी कुठे जाऊन अडकलीस?" सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा घाबरल्यासारखा होता.

"बघा भिंगात."

खट्. काळोख नेहमीपेक्षा लांबला, की तिलाच तसं वाटलं. आरसा खाली आला.

फोटो बिनचूक होता. सासूबाई थेट भिंगात बघत होत्या. डोळे उघडे, मान सरळ, कारकुनाला बोट ठेवायला जागा नाही. यंत्रानं पहिल्या झटक्यात पास केला असता. फोटोवाली किती तरी वेळ त्या फोटोकडे बघत राहिली. त्या डोळ्यांत सुनेकडे बघतानाची ती रोजची, थोडी परकी, थोडी भिडस्त नजर नव्हती. बऱ्याच दिवसांनी घरी आलेल्या मुलाकडे आई जसं बघते, आधी चेहऱ्याकडे, मग तो वाळला का तिकडे, तसं त्या बघत होत्या. आणि भिंगामागे त्या वेळी ती एकटीच होती. दुसऱ्या कुणाला तिनं जागाच ठेवली नव्हती.

तिनं कपाट ढकललं, कोपऱ्यातून बाहेर आली, मोठा कॅमेरा पिशवीत घातला, छोटा कोटाच्या खिशात टाकला आणि कोट चढवून तडक दुकान गाठलं.

काट्यानं कॅमेरा तळहातावर घेतला, डोळे मिटले, वर-खाली केला. पुन्हा केला.

"काही बिघाड?"

"काही नाही. जड होतो."

"मला तर हलका लागतोय." त्यानं डोळे उघडले. "आतलं काही काढलंत का वहिनी?"

"तुम्हीच शटर घातलंत. तुम्हालाच माहीत."

त्यानं समजूत घातल्यासारखी मान हलवली. "चांगलं केलंत. काम मिळेल. पण आई मला म्हणाली होती, मोठाच ठेवायला सांग. तिला काय सांगणार?"

"त्यांनाच विचारते," ती म्हणाली. भाऊजींना ते विनोदी वाटलं.

घरी सासूबाई स्टुलावर तशाच बसलेल्या होत्या. पिशवी रिकामी आहे हे त्यांनी पाहिलं. फोटोवालीला वाटलं, आता त्या बोलतील, निदान रडतील. तिनं सगळी उत्तरं वाटेत तयार केली होती, कामाची, मनगटाची, उद्याच्या भाकरीची.

सासूबाईंनी पदर सारखा केला आणि स्टुलावर ताठ झाल्या. तिनं खिशातून छोटा कॅमेरा काढला, कारण हातांना दुसरं काही सुचेना. पडद्यावर सासूबाई दिसल्या. थेट भिंगात बघणाऱ्या. तीच नजर. इथे आरसा नव्हता, काळोख व्हायचा नव्हता. ती नजर क्षणभरात संपली नाही. फोटोवाली वाट बघत राहिली, आणि नजर तशीच राहिली.

तिनं कॅमेरा खाली घेतला.

सासूबाई अजून तिच्याकडे बघत होत्या. त्या उठल्या, जवळ आल्या, तिच्या कोटाची वळलेली कॉलर दोन बोटांनी सरळ केली आणि हात तिथेच ठेवला.

"दमून आलायस रे," त्या म्हणाल्या. "बस. इथेच बस, माझ्यासमोर."

ती बसली.