उशाची वीट

मी वीट बोलतेय, आणि गोड बोलणार नाही. भट्टीत जास्त वेळ राहिले, त्यात अंगही करपलं आणि जीभही. तुम्हाला अन्नाचा वीट येतो, माणसांचा वीट येतो, संसाराचा वीट येतो. तो वीट वेगळा आणि ही वीट वेगळी, असं शाळेतले मास्तर सांगतील. मला तरी दोघांत फार फरक दिसला नाही.

बोरी अरबच्या नाल्याकाठची माती मी. माझ्यात भुसा कालवला, वरून बैल फिरवले, साच्यात थापटलं, उन्हात टाकलं. भट्टीत माझी जागा नेमकी जाळाच्या तोंडाशी आली. कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीचा जाळ मोठा कडक. बाहेर निघाले तेव्हा माझा एक कोपरा वितळून वाकडा झाला होता. गवंड्यानं मला दुसऱ्या विटेवर आपटून पाहिलं आणि म्हणाला, "हे खंगर हाये. भिंतीत नाही बसत." आणि दिलं फेकून.

तेव्हापासून माझी एकच इच्छा होती. पुन्हा कोणी फेकलंच, तर कोणाच्या तरी टाळक्यात फेकावं.

मी जाऊन पडले त्याच गावच्या पुंडलिकरावांच्या गोठ्याजवळ. माझ्यासारखीच आणखी एक खंगर वीट तिथं होती. भिंतीत बसलेल्या विटेला लोक विसरून तरी जातात. आम्हाला रोज कोणी ना कोणी ठेचाळायचं. पुंडलिकरावांची आई शकुबाई माझ्यावर टाचा घासायची. मांजर येऊ नये म्हणून दुधाच्या झाकणावर मलाच ठेवायची. मांजर मला भीत नसे. मांजर शकुबाईला भीत असे.

या घरची सून इंदू, पुंडलिकरावांची बायको. तिचं दुखणं मी गोठ्याजवळून दोन वर्षं पाहिलं. तिला भाकर गिळेना. घास छातीशी अडकायचा. ती मागच्या दारी येऊन उभ्यानं पाणी प्यायची, टाचा उचलून अंग हलवायची, तरी घास खाली जाईना. मग सगळं बाहेर. शकुबाई म्हणायची, "काम दिसलं का हिचा घास अडकते." पोरगी वाळून काटकी झाली. कडेवर दिगू, दोन वर्षांचा पोरगा, तो तिच्यापेक्षा जड दिसायला लागला.

शेवटी पुंडलिकरावांनी तिला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी अन्ननळीचा आवळलेला भाग कापला आणि पोटाची पिशवी वर ओढून शिवली. हे मला कसं कळलं? परत आल्यावर पुंडलिकराव घरातल्यांना समजावून सांगत होते. कोणी ऐकत नव्हतं. मी ऐकत होते.

"नर्सबाईनं सांगतलं," ते म्हणाले, "आता हिच्या पोटाले झाकण नाही राह्यलं. बिनझाकणाचा पितळी गुंड आडवा केला तर पाणी सांडते का नाही? तसं हिचं हाये. एकदम सपाट झोपायचं नाही. कमरीतून वाकायचं नाही. थोडं थोडं खायचं, पण घडी घडी खायचं. अन् खाटेच्या उशाकडच्या पायांखाली दोन विटा ठेवायच्या."

शकुबाई म्हणाली, "घरात घसरगुंडी करून राह्यला का?"

पुंडलिकराव गोठ्याकडे आले आणि आम्हा दोघींना उचललं. अशी मी खाटेखाली आले. भिंत नाही, देऊळ नाही, शाळा नाही. एका रोगट बाईच्या खाटेचा पाय माझ्या डोक्यावर! इंदूचा मला तेव्हा संताप आला. मुद्दाम सांगते, म्हणजे मी दयाळू आहे असा गैरसमज नको.

पण डोक्यावर पाय असला की वरचं सगळं खाली उतरतं. तिला आंबट पाणी घशाशी आलं की खाट थरथरायची. छातीत जळजळ सुरू झाली की ती दोन्ही हातांनी खाटेची दोरी आवळून धरायची. पोटात वारा गुडगुडायचा, उचकी लागायची, आणि तो आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ती तोंडात पदर कोंबायची. स्वतःच्या पोटाची लाज वाटणारा प्राणी माणसाशिवाय दुसरा मी पाहिला नाही. गोठ्यातले बैल खुशाल आवाज करतात.

शकुबाईनं सुरुवातीला एकदा चांगला विचार केला. ताकद यावी म्हणून तिनं तुपागुळाचा शिरा केला, वाटीभर. इंदूनं सगळा खाल्ला. पाव घटका गेली नसेल, तिला दरदरून घाम फुटला, छाती धडधडायला लागली, डोळ्यांपुढे अंधार आला आणि ती लोटा घेऊन मागच्या दारी धावली. गोड तिच्या पोटात धाडकन उतरतं, असं नर्सबाईनं सांगितलं होतं. शकुबाईला ते कोण सांगणार? तिला एवढंच दिसलं की सुनेनं शिरा खाल्ला आणि सून पळाली.

"माह्या हातचं हिले जहर लागते," असं तिनं त्या दिवशी शेजारच्या बेबीताईला सांगितलं. तो राग मग निघाला नाही.

"अन् खाते किती वेळा, पाहा न बेबीताई! सकाऊन उठली का खाते. गडीमाणसं जेवायच्या आंधी खाते. दुपारी खाते. दिवे लागले का खाते."

"बाप्पा! मंग जाते कुठं?"

"मले काय मालूम! आपल्या जमान्यात सून जेवली का नाही, ते भांड्यालेच माहीत राहे."

इंदू मग कणगीमागे, भिंतीकडे तोंड करून खायला लागली. डाळीच्या पाण्यात कुस्करलेली चतकोर भाकर. चोरानं खावी तशी. भीतीनं घाईघाईत खायची, आणि घाईनं खाल्लं की पुन्हा वर यायचं.

पण खरी शिक्षा वेगळीच होती. दवाखान्यातून आल्यापासून दिगू आजीजवळ. "रोगट बाईजवळ लेकरू नाही ठेवत," शकुबाई म्हणाली, आणि संपलं. तो दाराशी येऊन उभा राही. इंदू हात पुढे करी. आतून हाक येई, "दिग्या, इकडं ये! तुही माय पडून हाये." पोरगं परत जाई. मग खाटेच्या दोरीला जो ताण बसे, तो जळजळीचा नसे. मला फरक कळायला लागला होता.

पुंडलिकराव वाईट नव्हते. वाईट असते तर मला बरं पडलं असतं, शिव्या तरी देता आल्या असत्या. शकुबाई रोज सकाळी झाडताना आम्हाला खाटेखालून ओढून बाहेर टाकी. ते रोज संध्याकाळी गुपचूप परत ठेवीत. आईला एक शब्द बोलत नसत. असा माणूस म्हणजे दोन्हीकडून भाजलेली पण मधे कच्ची वीट.

आपला जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या साली दसऱ्याला शकुबाईचे थोरले भाऊ घाटंजीहून यायचे होते. शकुबाईनं निरोप धाडला होता, की दादा, तुम्हीच येऊन पाहा, ही नांदणारी आहे का नाही. नसेल तर मुकुटबनला माहेरी पोचवून देऊ. पोरगा आमचा आहे, तो इथं राहील.

हे इंदूला कोणी सांगितलं नाही. तिच्यासमोर बोललं गेलं, एवढंच.

दसऱ्याच्या दिवशी शकुबाईनं आम्हाला खाटेखालून काढून ओसरीच्या खांबाशी टाकलं. पाहुण्यांना वाकडी खाट दिसायला नको. तीच खाट ओसरीत आणली आणि नवी सतरंजी टाकून पाहुणे तिच्यावर बसले. पाहुण्यांचं नाव विठ्ठलराव. नाव ऐकून मला क्षणभर बरं वाटलं. एखाद्या विटेला एवढी आशा असायचीच. पण त्यांनी मांडीवर मांडी घातली आणि नव्या जोड्याच्या टाचेनं मला बाजूला सारलं.

"आज तू पहिल्याच पंगतीत बस व," शकुबाई इंदूला म्हणाली. "दादालेही दिसू दे, आमी खाऊ घालतो का नाही ते."

पानात पुरणपोळी, वर तूप, शेजारी दुधाची वाटी. इंदूनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा पानाकडे पाहत होता. दिगू आजीच्या कडेवर होता. इंदूनं त्याच्याकडे पाहिलं आणि खायला लागली. एक घास, दुसरा, तिसरा. पूर्ण पोळी खाल्ली. मी जाळाच्या तोंडाशी भाजले आहे, पण त्या पोरीनं ती पोळी खाल्ली तसं काही मी सोसलं नाही.

"खाते न चांगली!" विठ्ठलराव म्हणाले. "मंग दुखणं कायचं?"

पानं उचलल्यावर पाहुणे जोडे चढवून पुन्हा खाटेवर बसले आणि सोनं वाटायला सुरुवात झाली. इंदू आपट्याची पानं घेऊन आली. तिच्या कपाळावर घामाचे थेंब उभे होते, ओठ पांढरे पडले होते. तिनं पानं विठ्ठलरावांच्या हातात दिली आणि पाठ ताठ ठेवून खाली उकिडवी बसायला लागली. नर्सबाईनं तसंच शिकवलं होतं.

"हे काय?" शकुबाई म्हणाली. "बसून पाया पडते का कोणी?"

"आत्याबाई, मले वाकता येत नाही. आता जेवली मी."

"मोठ्या माणसाच्या पाया पडाले वाकता येत नाही? कमरीतून वाक. माह्या भावाचा अपमान करून राह्यली का?"

इंदू कमरेतून वाकली.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. पुरण, तूप, दूध, आंबट पाणी, सगळं विठ्ठलरावांच्या नव्या जोड्यांवर. थोडं माझ्यावरही आलं. मी तक्रार केली नाही.

"हे सोनं दिलं का मले?" विठ्ठलराव ओरडले. "शकू, आजच्या आज पोचवून दे इले! पोरगं इथंच राहीन."

शकुबाईनं दिगूला आणखी घट्ट धरलं. पुंडलिकराव उभे राहिले आणि नुसतेच उभे राहिले. दिगू रडायला लागला.

इंदूनं पदरानं तोंड पुसलं. पाठ ताठ ठेवून ती खाली बसली, आणि तिनं मला दोन्ही हातांनी उचललं.

माझ्या सगळ्या आयुष्यातला तो क्षण. मी म्हटलं, फेक! मला फेक! ह्याच्या टाळक्यात फेक, नाहीतर तिच्या, कोणाच्याही फेक, या ओसरीत चुकीचं टाळकं नाही!

मी एकटीच तसं समजले नव्हते. विठ्ठलराव खाटेवरून उठून एका पायात जोडा असताना खांबामागे गेले. विठ्ठल म्हणे विटेवर उभा राहतो. हा विटेला पाहून खांबाआड लपला. सोनं द्यायला आलेली बेबीताई कुंपणापर्यंत गेली. शकुबाईनं "माय व!" म्हणून दोन्ही हात डोक्यावर घेतले. दोन्ही हात डोक्यावर घेतल्यावर पोरगं कशानं धरणार? दिगू खाली घसरला आणि धावत आईच्या लुगड्याला बिलगला.



"मामाजी," इंदू म्हणाली, "भेऊ नका. हे मारायची वीट नोहोय. माह्या उशाची हाये. घेऊन चालली मी. अन् लेकरू भी."

तिनं मला फेकलं नाही. एका हातानं मला छातीशी धरलं, दुसऱ्या हातात दिगूचं बोट, आणि मोटारीच्या थांब्याकडे चालायला लागली. वाटेत दोनदा थांबून ओकली. दिगू विचारत होता, "आई, वीट कायले?" ती म्हणाली, "झोपाले." मागून कोणी आलं नाही. सांगायला वाईट वाटतं, पण पुंडलिकरावही आले नाहीत.

मुकुटबनला तिच्या बापानं माझ्या जोडीला खाटेच्या दुसऱ्या पायाखाली एक धोंडा ठेवला. धोंडा ओबडधोबड, खाट डुगडुगायची. तरी इंदू तिथं उजेडात, दाराशी बसून खायला लागली. थोडं थोडं, सावकाश, दिगूशी बोलत. पोट लगेच सुधारलं नाही. गोडाचा घाम येतच राहिला, जळजळ येतच राहिली. पण तोंडात पदर कोंबणं थांबलं.

कापसाचा वेचा सुरू झाला तेव्हा एक दिवस पुंडलिकराव आले. खांद्यावर पिशवी, पिशवीत काहीतरी जड. त्यांनी पिशवीतून माझी जोडीदारीण काढली.

"आईनं उकिरड्यावर फेकली होती. शोधून आणली."

"बसा. च्या ठेवते."

"घरी नाही चालत?"

"घरी वाका लागते," इंदू म्हणाली.

ते चहा प्यायले. मग उठले, खाटेजवळ आले, गुडघे टेकले, कमरेतून वाकले, धोंडा काढला आणि वीट नीट बसवली. खाट डुगडुगते का ते हलवून पाहिलं. त्या घरचा पुरुष कमरेतून वाकलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मी माफ केलं असं समजू नका. पाहिलं, एवढंच.

आता ते पेरणीला बोरीला जातात आणि पिकं निघाली की इकडे येतात. दिगू शाळेत जातो. शकुबाई कधी आली नाही. दरसाल सुनेसाठी लोणचं मात्र पाठवते, असं जळजळीत की धडधाकट माणसाच्या डोळ्यांत पाणी यावं. ते प्रेम आहे की वैर, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी खाटेखालीच आहे. आणखी एक कोपरा झिजला. बाया बसायला येतात, खाली डोकावतात आणि विचारतात, "अवं, एवढे साल झाले, आता कायले विटा?" तुम्हीही आलात तर मला काढू नका. त्या बाईला दिवसातून किती वेळा खाते म्हणून विचारू नका. पाहुणचार म्हणून तिच्या पानात गोड वाढू नका.

आणि पाया पडायला वाक म्हणायचंच असेल, तर आधी खाली बघून घ्या. मी तिच्या हाताच्या अंतरावर आहे, आणि माझी जुनी इच्छा अजून पुरी झालेली नाही.