एका विषयाला एक वाळू

साहेबांनी वाळूचं घड्याळ उलटं केलं आणि टेबलाच्या मधोमध ठेवलं.

"आजचा एकच विषय. चौकातला पादचारी सिग्नल. हरकती, सूचना?"

सभागृहातल्या नव्याकोऱ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. सिग्नल विभागाची अभियंता खिडकीपाशी उभी होती. सगळं नगरपालिका कार्यालय तिला सिग्नलबाई म्हणत असे. तिने खाली चौकात पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"साहेब, लोक येताहेत. जरा थांबू या."

"कुठे आहेत?"

"दुभाजकावर."

रस्त्याच्या मधोमध, त्या हातभर रुंदीच्या दुभाजकावर, चार म्हातारी माणसं एकमेकांना धरून उभी होती. सगळ्यांत पुढे वॉकर घेतलेले तिचे वडील. हिरवा दिवा लागायचा, वडील वॉकर उचलून दोन पावलं टाकायचे, की लगेच लाल. मग एखादी मोटार कर्कश भोंगा वाजवायची आणि चौघंही पुन्हा मागे सरायचे. रस्ता ओलांडायचा हा वेळ ज्याने कुणी ठरवला, त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा एखादा धावपटू असावा.

आजची सुनावणी नेमकी त्याचसाठी होती. हिरवा दिवा जरा जास्त वेळ ठेवा, एवढंच त्या चौघांचं म्हणणं. पण वेळ बदलायला ठराव हवा, ठरावाला सुनावणी हवी आणि सुनावणी रस्त्याच्या या बाजूला! ती पलीकडच्या शाळेत घ्या, म्हणून सिग्नलबाईने जंग जंग पछाडलं होतं. पण शाळेत मोठा पडदा नव्हता. लोकसहभागाचं महत्त्व सांगणारी चित्रफीत मग दाखवणार कशावर?

वडिलांचा बुद्धिबळाचा अड्डा याच बाजूच्या बागेत होता. एका मोटारसायकलने वॉकरला धक्का दिला आणि त्यांचं तिकडे जाणं बंद झालं. आता ते दिवसभर गॅलरीत बसून राहत. हल्ली तर बोलणंही कमी झालं होतं आणि तिच्या जिवाला तो घोर लागला होता. आज सकाळी मात्र, "मी गाडीतून सोडते," असं ती म्हणाली तशी स्वारी उखडली होती.

"तू पगारी नोकर, मी नागरिक. माझं म्हणणं मांडायला मी माझ्या पायांनी येईन."

किती दिवसांनी त्यांचा आवाज असा चढला होता! तिला रागही आला होता आणि बरंही वाटलं होतं.

"हे बघा बाई," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "पूर्वी आपल्या बैठका संध्याकाळपर्यंत रेंगाळायच्या. निर्णय म्हणून व्हायचा नाही. आता एका विषयाला एक वाळू. सगळ्यांना सारखा नियम. याच कल्पनेसाठी तर आज आपला सत्कार आहे."

"अहो, पण ज्यांचं ऐकायचं तेच रस्त्यात अडकलेत!"

"मग लवकर निघायला नको का त्यांनी?"

"लवकरच निघालेत. तुमचा सिग्नल त्यांना पोचू देत नाहीये."

"म्हणजे हजर कुणीच नाही." साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. शेवटचे कण घसरत होते. ते संपले तसे साहेब कारकुनाकडे वळले. "लिहून घ्या. एकही हरकत आली नाही, यावरून नागरिक समाधानी आहेत असं दिसतं. विषय बंद."

कारकुनाने एकदा खिडकीकडे पाहिलं आणि मान खाली घालून लिहून घेतलं.

"पुन्हा कधी घेता येईल विषय?" तिने विचारलं.

"आता पुढच्या वर्षी बघू."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. पण या कार्यालयात तोंडची वाफ दवडून काही होत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. साहेब सत्काराला जायच्या गडबडीत कोट शोधायला लागले. तिने टेबलावरचं घड्याळ उचललं आणि तरातरा जिना उतरली.

सिग्नलची पेटी चौकातल्या खांबालाच होती आणि तिची किल्ली सिग्नलबाईच्या गळ्यात ओळखपत्रासोबत लटकत असे. वेळ कायमचा बदलायला ठराव लागे. तपासणीपुरता सिग्नल हाताने चालवायला मात्र तिला कुणाला विचारावं लागत नव्हतं. तिने पेटी उघडून खटका दाबला. दोन्ही बाजूंच्या मोटारी थांबल्या. तिने घड्याळ उलटं करून पेटीवर ठेवलं.

"या बाबा! सावकाश या."

वडिलांनी वॉकर पुढे टाकला. बाकीचे तिघं त्यांच्या मागून निघाले. दोन पावलांवर सवयीने ते थबकले आणि दिव्याकडे पाहत राहिले. दिवा हिरवाच होता. ते आणखी थोडं चालले, पुन्हा थांबून पाहिलं. तरी हिरवाच.

मागच्या मोटारींनी भोंग्यांचा नुसता कल्लोळ मांडला. कार्यालयाच्या फाटकातून निघून अगदी पुढे येऊन अडकलेल्या गाडीची काच खाली झाली आणि साहेबांचं डोकं बाहेर आलं.

"बाई! काय चाललंय हे? तिकडे सगळे खोळंबलेत माझ्यासाठी!"

वडिलांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"हेच का गं ते?"

तिने मान हलवली. तसा वडिलांनी वॉकरचा रोख बदलला आणि एकेक पाऊल टाकत ते थेट गाडीच्या खिडकीशी गेले.

"नमस्कार," ते म्हणाले. आवाज सकाळचाच होता. "मी समोरच्या इमारतीत राहतो. सुनावणीलाच निघालो होतो. इथपर्यंत पोचलोय."

साहेबांनी समोरच्या लाल दिव्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"बाई, सिग्नल सोडा म्हणतो ना!"

तिने पेटीवर नजर टाकली. वरच्या भांड्यात अजून बरीच वाळू शिल्लक होती.

"एका विषयाला एक वाळू, साहेब," ती म्हणाली. "सगळ्यांना सारखा नियम."

वडिलांनी वॉकर नीट रोवला, घसा खाकरला आणि बोलायला सुरुवात केली.