मशेरीचं नाव नसलेली पाटी

मित्रांनो, इकडे बघा. वर नाही, खाली. आरोग्य उपकेंद्राच्या मागे पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून जो गंजका पत्रा ठेवलाय ना, ती मी. पत्रा म्हणालात तर मला राग येतो हं, आधीच सांगून ठेवते. मी पाटी आहे. सरकारी पाटी! याच उपकेंद्राच्या दारावर मी कितीतरी वर्षं मिरवले. आता माझ्यावर कावळे बसतात, आणि पाणी काढायचं झालं की कुणीही मला धरून बाजूला सरकवतं.

आमचं गाव खारमाळ. पेणहून नागोठण्याकडे जाताना गडब लागतं, तिथून आत खाडीच्या दिशेनं वळलं की आमची वस्ती. एकीकडे भाताची खाचरं, दुसरीकडे मिठागरं. पण माझा जन्म इथला नव्हे, पेणचा. गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखणाऱ्या जगन पेंटरनं मला रंगवलं. गणपती गावोगाव गेले, की त्याच्या हाताला काम नसायचं. मग तो पाट्या घ्यायचा. सरकारी पैशानं चालणाऱ्या दवाखान्यांच्या आवारात तंबाखूला बंदी, असा नियम आला होता आणि दारोदारी तशा पाट्या लागणार होत्या. माझ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं गेलं : 'या आवारात विडी, सिगारेट, तंबाखू, गुटखा यांच्या सेवनास सक्त मनाई आहे. दंड आकारला जाईल.' बाजूला विडी ओढणारा माणूस आणि त्याच्यावर लाल फुली. आता गंमत ऐका. जगनचा हात गणपतीवर बसलेला, त्यामुळे त्या विडीवाल्याचे डोळेही लांबट, शांत, प्रसन्न उतरले. मला दारावर ठोकलं त्या दिवशी गावातल्या बाया म्हणाल्या, "अगो, ह्याचे डोले बघ, देवावानी हायत!" एकीनं तर पुढच्या मंगळवारी त्याला हळदकुंकू लावलं. आणि मला रंगवताना जगनच्या स्वतःच्या गालात तंबाखूची गोळी होती, बरं का. मी तेव्हा ओली होते, मला काय कळणार!

तर मित्रांनो, मला सांगायचंय ते चंद्रावतीबद्दल. माझं आयुष्य म्हणजे तिचंच आयुष्य म्हटलं तरी चालेल.

चंद्रावती आमच्या गावची आशा. घरोघर फिरायचं, गरोदर बायांना तपासणीला आणायचं, बाळांना डोस द्यायला बोलवायचं, हे तिचं काम. आधी ती नवरा हिरामणबरोबर मिठागरात राबायची. काय आवाज होता हो तिचा! बांधावर उभी राहून ओरडली, "डोस हाय गो आज! पोरां घेऊन या!" की पार शेवटच्या घरातली बाई चुलीपुढून उठायची. रोज सकाळी उपकेंद्र उघडलं की ती ओल्या फडक्यानं आधी मला पुसायची, मग बाकीची साफसफाई. मला तिचा फार लळा लागला.

आणि नियमाला अशी पक्की, की पुरुष मंडळी तिला टरकून असत. एकदा गोविंदा, आमच्या गावातलं बडं प्रस्थ, गाल फुगवून आत शिरला.

"ओ गोविंदादादा, वर काय लिवलंय?"

"अगो, तोंडात हाय. खाली कुठं सांडलंय?"

"मग तोंड आवाराबाहेर ठेवून या, आनि बाकीचे आत या."

सगळा ओटा हसला. गोविंदा मुकाट्यानं फाटकाबाहेर जाऊन थुंकून, चूळ भरून आला. हिरामणची विडीसुद्धा तिनंच सोडवली. विमल सिस्टर, म्हणजे आमच्या उपकेंद्राच्या नर्सबाई, म्हणायच्या, "चंद्रावती आहे म्हणून या पाटीला अर्थ आहे." मी तर फुशारून जायचे.

पण एक गोष्ट मी रोज बघत होते. काम उरकलं की चंद्रावती फाटकाबाहेर भेंडीच्या डेरेदार झाडाखाली जायची. कमरेची डबी काढायची. डबीत काळी पूड, मशेरी. ती बोटावर घ्यायची आणि दात, हिरड्या घासत बसायची. बाजूला दोघी-तिघी अजून बसलेल्या. गप्पा, हसणं, निवांतपणा. मग खळखळून चूळ भरून आत यायची. आवारात एकदाही नाही! नियम म्हणजे नियम.

तुम्ही म्हणाल, तंबाखूचं पान आपल्या हातानं तव्यावर भाजायचं, कुटायचं, आणि तरी त्या बाईला कळू नये? अहो, कसं कळणार? तिचं माहेर रोह्याकडचं. पहिल्या बाळंतपणात दाढ ठणकायला लागली, तेव्हा आईनंच तिच्या बोटावर मशेरी ठेवली होती आणि सांगितलं होतं, भाजलं की इख जळून जातं, औषध तेवढं ऱ्हातं. मिठागरावर जाणाऱ्या बायासुद्धा पहाटे मशेरी लावूनच घर सोडायच्या, म्हणजे भूक मरते आणि पाण्यात पाय टाकायला बरं वाटतं. आमच्या गावात तंबाखू खायची ती बापयांनी. बाया फक्त दात घासायच्या. मशेरीला तंबाखू म्हटलं असतं, तर एखादी भांडायलाच उठली असती.

एका वर्षी तालुक्याहून तोंडं तपासायला पथक आलं. चंद्रावतीनं आदल्या दिवसापासून गाव गोळा केलं. टेबल मांडलं, खुर्च्या पुसल्या. पथकाला अजून दोन गावं करायची होती, म्हणून ठरलं, की आधी विचारायचं आणि जो हो म्हणेल त्याचंच तोंड बघायचं. विचारायला विमल सिस्टर बसल्या. "तंबाखू खाता का?" पुरुष माना खाली घालून हो म्हणत होते. बाया पदर सावरून, जरा रागानंच, "नाय, नाय गो बाय" म्हणत होत्या आणि बाजूला होत होत्या. रांगेत शेवटी चंद्रावतीलाही सिस्टरांनी हसत हसत विचारलं. तीही हसली, "नाय!" म्हणाली आणि पथकाला चहा आणायला धावली. स्वतःचा चहा मात्र तिनं निववून घेतला, कारण गरम काही घेतलं की खालच्या ओठाच्या आत आग व्हायची. "तोंड आलंय, उष्णता झालीय," असं ती ओट्यावर शेजारणीला सांगत होती आणि मी वरून ऐकत होते. मला ओरडावंसं वाटलं हो. पण माझ्या अंगावर चारच नावं रंगवलेली. पाचवं कुणी लिहिलंच नव्हतं, तर मी दाखवणार कुठून?

पुढे आम्हांला मान मिळाला. आमचं उपकेंद्र 'तंबाखूमुक्त' ठरलं. साहेब लोक आले, मला झेंडूची माळ घातली, फोटो झाले. सगळ्यांनी हात पुढे करून शपथ घेतली, की आम्ही तंबाखूचं सेवन करणार नाही. शपथ सांगायला चंद्रावती, आणि तिच्या मागून गावातल्या सगळ्या बाया. तिचा आवाज ठणठणीत होता. ती खोटं बोलत नव्हती, मित्रांनो. शपथ संपली आणि बाया हसत खिदळत भेंडीखाली जाऊन बसल्या.

त्यानंतरच्या थंडीत चंद्रावती माहेरी गेली. तिकडे वालाच्या शेंगांची पोपटी लावली होती, मडक्यात घालून जाळावर भाजतात ती. सगळे शेतात बसून शेंगा खातायत आणि हिला तोंडच उघडेना. तिचा भाऊ सखा धाटावच्या कंपनीत कामाला. शिफ्ट सुटल्यावर तो तिला गाडीवर बसवून रोह्याला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. तिथं काय झालं ते तिनं परत आल्यावर इथंच, माझ्याखालच्या पायरीवर बसून, विमल सिस्टरांना सांगितलं.

"सिस्टर, त्यांनी विचारलं, दात कशान् घासता? मी बोलले, मशेरीनं, एक दिस चुकवला नाय. तर ते बोलले, ती पन तंबाखूच, मुंबईला दाखवा." मग तिनं विचारलं, "भाजल्यावर पन ती तंबाखूच ऱ्हाते काय गो?"

विमल सिस्टरांच्या हातातली किल्ली तशीच राहिली. "तू लावतेस? चंद्रावती, मला कधी बोलली नाहीस!"

"तुमी मशेरीचं कुठं विचारलंव? तंबाखू खातेस काय, असं विचारलंव. मी नाय बोलले."

सिस्टर तिच्या शेजारी पायरीवर बसल्या आणि रडायला लागल्या. उलट चंद्रावतीच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "रडता कशाला? होईल बरं," ती म्हणत होती.

बरं झालं नाही. तोंडाचा कॅन्सर निघाला. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तिचा खालचा जबडा अर्धा काढला. ती परत आली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. अर्धा चेहरा पदराखाली, अंगावरचं मांस उतरलेलं. आणि आवाज गेला. काहीतरी बोलायची, पण हिरामणशिवाय कुणाला समजायचं नाही. एकदा तिची औषधं न्यायला आला तेव्हा हिरामण सिस्टरांना म्हणाला, "एवढी बडबडायची, मी बोलायचो, जरा गप बस. आता घर खायला उठतंय, सिस्टर." मोठा धिप्पाड माणूस, पण डोळे पुसायलाही त्याला सुचलं नाही.

पोलिओचा दिवस आला, तेव्हा नवी आशा नेमलेली नव्हती. डोस घेऊन सिस्टर बसलेल्या आणि पोरांचा पत्ता नाही. इतक्यात वस्तीतून ठण् ठण् आवाज येऊ लागला. चंद्रावती पदर तोंडावर ओढून गल्लीगल्लीतून ताट आणि पळी वाजवत येत होती. मागून कडेवर पोरं घेतलेल्या बाया. पोरांनी डोस घेतले आणि बाया खाली मान घालून घरी गेल्या.

मग विमल सिस्टरांची बदली झाली. शांती सिस्टर आल्या, वयानं लहान, कामाला चटपटीत. चंद्रावती सवयीनं सकाळी येऊन बाकावर बसायची. एक दिवस पुतळी आली. नवी सून, पहिलटकरीण, सातवा महिना. शांती सिस्टरांनी वजन घेतलं, रक्त घेतलं आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "तंबाखू, गुटखा काही?"

"नाय."

चंद्रावती बाकावरून उठली. तिनं पुतळीचा हात धरला, मूठ उघडली आणि अंगठ्याशेजारचं बोट सिस्टरांसमोर धरलं. पेरापर्यंत काळं झालेलं होतं.

"अगो मावशी, मशेरी हाय ती," पुतळी हात सोडवत म्हणाली. "तंबाखू थोडीच हाय? सासूबाई बोलल्या, उलट्या थांबतात."

चंद्रावतीनं तोंडावरचा पदर खाली घेतला. इतक्या दिवसांत तिनं तो कुणासमोर घेतला नव्हता. ती काहीतरी सांगू लागली, खूप सांगू लागली, पण नुसता घोगरा आवाज निघत होता आणि लाळ गळत होती. पुतळी भिंतीला टेकली. आधी घाबरली, मग हमसून हमसून रडायला लागली. चंद्रावतीनं तिला नळावर नेलं, साबण लावला आणि ते बोट घासत राहिली. काळं काही सगळं निघालं नाही. तरी ती घासत होती. शेवटी शांती सिस्टरांनीच दोघींना हाताला धरून आत आणलं.

त्या दिवसापासून शांती सिस्टर प्रत्येक बाईला विचारू लागल्या, दात कशानं घासतेस? बाया खरं सांगू लागल्या. किती तोंडांत पांढरे डाग निघाले, काय सांगू! तीच या दुखण्याची सुरुवात. काही वेळेत सापडले, म्हणून त्या बाया आज शेतात दिसतात. पुतळीनं डबी खाडीत टाकली. तिला मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. चंद्रावतीला ती बघायला मिळाली नाही. दुखणं मानेत उतरलं होतं, आणि पुतळीचे दिवस भरायच्या आतच ती गेली. तिला नेलं तेव्हा रस्ता उपकेंद्रावरूनच होता. हिरामण फाटकाशी क्षणभर थांबला आणि पुढे चालू लागला.

माझा रंग उडाला, मला उतरवलं. नवी चकचकीत पाटी आली. तिचा मला हेवा नाही. पण तिच्यावरही तीच चार नावं आहेत हो, मशेरी नाहीच. म्हणून म्हातारपणी तुमच्यापुढे एवढं बोलले. मित्रांनो, पाटीवर नसेना, तुमच्या तोंडी तरी ते नाव राहू द्या. आज घरी जाल तेव्हा आईजवळ बसा, आजीजवळ, काकीजवळ बसा. तंबाखू खातेस का, असं विचारू नका. ती नाही म्हणेल, आणि तिच्या मते ते खरंच असेल. दात कशानं घासतेस, ते विचारा. मशेरी म्हणाली तर हसू नका, घालूनपाडून बोलू नका. तोंड दाखवायला दवाखान्यात चल म्हणा. ती काम सांगेल, मला काय धाड भरलीय म्हणेल, तुमच्यावर ओरडेल. ओरडू द्या. ओरडता येतंय तोवरच घेऊन जा.