घोटलेला रॅम्प

गवंडीबुवांना घोटाईचं भारी वेड. फूटपाथवरून रस्त्यावर उतरायचा नवा रॅम्प त्यांनी थापीने असा घोटला, की त्यात तोंड दिसावं. कुबड्या टेकत आलेली त्यांची धाकटी बहीण ओल्या सिमेंटकडे बघतच राहिली.

"दादा, रॅम्प केलास की घसरगुंडी? यावर माझी कुबडी ठरायची नाही."

बुवांचं टाळकंच सडकलं. "उभ्या जन्मात माझ्या कामाला कुणी नावं ठेवली नव्हती!" असं म्हणत त्यांनी खराटा उचलला आणि डोळे मिटून आडवा ओढत सगळा रॅम्प खरबरीत करून टाकला.

सिमेंट पक्कं झाल्यावर बहीण आली. बुवा कौतुकाची वाट बघत उभे. एरवी पायाखाली बघून चालणारी ती मात्र शेजारणीच्या उखाळ्यापाखाळ्या काढत, एकदाही खाली न बघता वर पोहोचली.