धुतलेलं मीठ

मी पेण तालुक्यात, कासूच्या बाजूला खाडीकाठच्या एका गावात आशा सेविका आहे. मीठ तपासायची छोटी बाटली माझ्या पिशवीत कायम असते. चिमूटभर मिठावर दोन थेंब टाकायचे. मीठ जांभळं झालं तर आयोडीन आहे, पांढरंच राहिलं तर नाही. इतकं सोपं काम सरकारने मला दुसरं दिलेलं नाही.

विमलबाईंच्या घरी मीठ तीनदा पांढरंच राहिलं.

त्यांची सून दिपिका तिसऱ्या महिन्यात होती. गेल्या वर्षी तिचं मूल पाचव्या महिन्यात गेलं. या खेपेला डॉक्टरांनी गळ्याची सूज पाहून रक्त तपासलं, गोळी चालू केली आणि आयोडीनचंच मीठ खायला सांगितलं. आयोडीन कमी पडलं तर बाळाच्या मेंदूची वाढ नीट होत नाही, हेही सांगितलं. तेव्हापासून पोरीने धास्ती घेतली होती.

"काकी, मिठागरातलं बिनआयोडीनचं मीठ बंद केलंत ना?" मी विमलबाईंना विचारलं.

"कवाच. ही बघ पुडी."

पुडी आयोडीनच्या खडे मिठाचीच होती. मी मनातल्या मनात दुकानदाराला शिव्या घातल्या आणि ती तिथेच फोडून थेंब टाकले. मीठ लगेच जांभळं झालं. आता माझंच डोकं चक्रावलं.

"ही बरणीत कशी भरता, करून दाखवा बघू."

त्यांनी पुडीतलं अर्धं मीठ टोपलीत ओतलं, बादलीत बुडवून चांगलं खळबळलं आणि सुपात पसरून उन्हात ठेवलं. चाळीस वर्षं मिठागरावर राबलेली बाई. तिथे चिखल निघावा म्हणून मीठ धुतात, तसंच.

"धुतल्याबिगर मीठ घरात घ्यायचं नाय," त्या ठसक्यात म्हणाल्या. "कंपनीचं तर नायच नाय."

मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. "अहो काकी, आयोडीन वरूनच लावलेलं असतं. तुम्ही तेच धुऊन टाकताय."

विमलबाईंनी सुपातलं ओलं मीठ मुठीत घेतलं. "गेल्या साली तर मी आगरातलंच घालीत व्हते. मंग ते पोर माज्यामुलं गेलं, सायरा?"

"तसं कुणीच सांगू शकत नाही," मी म्हटलं. खरं तेच होतं, पण त्याने त्यांचं समाधान झालं नाही.

दारात उभी असलेली दिपिका म्हणाली, "आई, असं नका बोलू."

आत कालवण उकळत होतं. विमलबाई उठल्या आणि फोडलेल्या पुडीत उरलेलं मीठ त्यांनी सुनेच्या हातात दिलं.

"आजपासून मीठ तूच घाल गो. माज्या हातानं नको."