थांबवून ठेवलेली पेशी

मी एक टी-पेशी बोलतेय. एका निवृत्त बस कंडक्टरच्या रक्तातली, रोगांशी लढणारी राखणदार. मला तोंड नाही, म्हणून माझं कुणी ऐकत नाही. पण फिरत फिरत मी त्याच्या कानापाशीही जाऊन येते, त्यामुळे घरातलं सगळं बोलणं मला कळतं. आणि कळून काही करता येत नाही, हेच माझं दुखणं आहे.

माझा जन्म हाडाच्या आतल्या मगजातला. शाळा छातीच्या हाडामागे, थायमस नावाच्या ग्रंथीत. तिथली परीक्षा जीवघेणी. जिला काहीच ओळखता आलं नाही ती नापास, आणि जी आपल्यांवरच धावून गेली तीही नापास. नापास म्हणजे तिथेच मरण. शंभरातल्या दोन-चार जणी बाहेर पडलो, त्यांतली मी एक.

बाहेर पडले म्हणून मनाला येईल तेव्हा धावता येत नाही. टेहळणी करणारी पेशी शत्रूचा तुकडा आणून दाखवते. तो माझ्या अंगावरच्या खाचेत बसला, की पहिला इशारा. मग तिच्या अंगावरच्या एका रेणूने माझ्या एका रेणूचा हात धरला, की दुसरा. दोन्ही मिळाले तरच मी निघते.

डॉक्टरबाईंनी हे समजावलं तेव्हा आमचा कंडक्टर खुर्चीत ताठ बसला. "म्हणजे आमचंच की, बाई! डबल बेल मारल्याशिवाय गाडी हलत नाही, आणि सिंगल मारली की जागच्या जागी उभी."

"बरोबर," बाई म्हणाल्या. "तुमच्या फुप्फुसातली कॅन्सरची गाठ सारखी सिंगलच मारतेय."

खरं होतं ते. मला थांबवणारा रेणू माझ्याच अंगावर आहे. तो वाईट नाही. तो नसता तर काय होतं, ते कंडक्टरच्या आईची बोटं बघून कळतं. तिच्या पेशी थांबायचं विसरल्या आणि तिच्याच सांध्यांवर तुटून पडल्या. बोटं झाडाच्या मुळांसारखी वाकडी झाली. त्या पेशींना गप्प करायला ती कित्येक वर्षं रोज सकाळी एक गोळी घेते.

गाठीने मात्र या रेणूचा घात केला. मी ओळखलं होतं तिला. अगदी अंगाला अंग लावून उभी होते. पण तिने माझा तोच रेणू दाबून धरला आणि माझे हातपाय गळाले. शेजारच्या कितीतरी जणी अशाच उभ्या उभ्या दमून संपल्या.

मग सलाईनमधून औषध आलं आणि माझ्या त्या रेणूवर टोपणासारखं बसलं. गाठ दाबत राहिली, मला काही लागेना! त्या दिवसांत मी काय लढले म्हणून सांगू. तीन आठवड्यांनी काढलेल्या फोटोत गाठ बोटाच्या पेराएवढी कमी दिसली. कंडक्टर रडला.

पण त्याची भूक गेली होती. ताट पुढ्यात आलं की तो मागे सरकवायचा. आईला ते बघवेना.

"माझी गोळी घे," ती म्हणाली. "ही घेतली की मला सडकून भूक लागते."

"अगं, तुझी तुला पुरायला नको?"

"मला काय धाड भरलीय? आ कर, गाढवा. पासष्टीचा झालास तरी भरवायला लागतं."

त्याने गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी दोन वेळा जेवला, जिना चढला, आईची थट्टा केली. तेव्हापासून आई रोज सकाळी त्याला एक गोळी भरवू लागली. मी मात्र पेंगायला लागले. जी गोळी तिच्या पेशींना आवरते, ती मलाही आवरते. माणूस बदलला हे गोळीला काय कळणार?

औषधाचा दुसरा डोस झाला, तिसरा झाला. रेणूवर टोपण होतं, पण माझ्या अंगात उठायचं बळ नव्हतं. नव्या फोटोत गाठ पुन्हा वाढलेली. बाईंनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, "दुसरं काही औषध घेता का? खरं सांगा."

"छे हो," तो म्हणाला. खोटं बोलला नाही तो. आईने हाताने भरवलेलं तेही औषधच, हे त्याच्या डोक्यातच नाही.

काल बाई म्हणाल्या, "आणखी एक डोस बघू. नाही जमलं तर याचा उपयोग नाही."

आज सकाळी मी त्याच्या ओठांतल्या बारीक रक्तवाहिनीत आहे. आमच्यातल्या मोजक्याच उरल्यात आणि गाठीच्या चार पेशी यकृताच्या वाटेला लागलेल्या मी स्वतः पाहिल्यात. आई पलंगाच्या कडेला बसली आहे, मांडीवर गोळ्यांचं पाकीट. पाण्याचा पेला तिने दोन्ही मनगटांत धरलाय, बोटांत धरवत नाही म्हणून.

आई, तुमच्या मायेत खोट नाही. ही गोळी फेकू नका, एकाएकी बंदही करू नका, ते अंगाला झेपत नाही. फक्त पाकीट घेऊन त्याच्याबरोबर दवाखान्यात चला आणि बाईंसमोर ठेवा. एवढंच. पुढचं त्या बघतील, मी बघेन. अजून माझ्यात थोडी धुगधुगी आहे.

"आ कर," आई म्हणते.

आणि तो लहान मुलासारखा तोंड उघडतो.