प्लेग वॉर्डाचा पहिला पेशंट

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेग निघाल्याची बातमी आली आणि बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या मुक्ताबाई स्मारक रुग्णालयात लगीनघाई सुरू झाली. मुक्ताबाई म्हणजे संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब यांच्या मातोश्री. त्यामुळे दवाखान्यात काहीही नवं आलं की नारळ आप्पासाहेबांनीच फोडायचा. एक्स-रेच्या मशीनला फोडला, पाण्याच्या टाकीला फोडला, आता प्लेग वॉर्डाला.

वॉर्ड दृष्ट लागण्यासारखा झाला होता. वीस खाटा, घडी न मोडलेल्या चादरी, सहा पंखे, काचेच्या कपाटात सलाईनच्या बाटल्या खच्चून भरलेल्या. फक्त पितृपंधरवडा चालू होता आणि पितरांच्या दिवसांत उद्घाटन करायचं नाही, म्हणून आठ दिवस दाराला लाल फीत बांधून कुलूप घातलेलं. प्लेगही समजूतदार निघाला, इकडं फिरकला नाही.

फिरकला तो गॅस्ट्रो. त्याला पंचांग कळत नव्हतं. उजनीच्या पाण्याकाठच्या गावांतून टेम्पो भरून माणसं येत होती. जुना वॉर्ड भरला तसे उरलेले चौदा जण बंद वॉर्डासमोरच्या व्हरांड्यात, फरशीवर चवाळी टाकून पडले होते. सलाईनची बाहेरची शेवटची बाटली आदल्या दिवशीच संपली होती.

घटस्थापनेच्या सकाळी पळसदेवहून सारजा नावाची बाई तीन वर्षांची पोर खांद्यावर टाकून आली. पोरीचं नाव नकोशी. आधीच्या तीन मुलीच, म्हणून हे नाव. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या स्वरूपानं पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. ती तशीच उभी राहिली.

स्वरूपा सांगवीची. घरी आता ऊस असला, तरी तिच्या लहानपणापर्यंत दीडशे मेंढरं होती. हगवण लागलेल्या कोकराचं कातडं असं उभं राहिलं की वडील म्हणायचे, "ह्ये दिस मावळताना बघायचं न्हाय." पुस्तकात हेच शिकायला तिला दीड वर्ष आणि एक परीक्षा लागली होती.

मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं पाजून पाहिलं. गेलं तसं उलटून आलं. स्वरूपा उठली आणि मेट्रन द्वारकाबाईंकडे गेली. किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला होता.

"मॅडम, एक बाटली द्या. एकच."

"फीत कापायच्या आधी कपाट उघडायचं नाही. आणि ते सलाईन प्लेगचं आहे."

"सलाईनला काय म्हायती मॅडम, ते कशाचं हाय?"

"जीभ फार चालते गं तुझी! ताट घे आणि ओळीत पहिली उभी राहा. ओळ मोडलीस तर परीक्षेचा फॉर्म भरू देणार नाही. सांगून ठेवते."

ओवाळण्यात नर्सिंगच्या मुली तरबेज होत्या. वर्षभरात इंजेक्शनं दिली नसतील तेवढे पुढारी त्यांनी ओवाळले होते. मुहूर्त दहाचा होता, आप्पासाहेब एक वाजता आले. तोवर निरांजन चारदा विझलं. पाच पावलांवर सारजा मांडीवरच्या पोरीला हलवून हलवून म्हणत होती, "ए बाय, डोळं उघड की. बग की माज्याकडं." तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा पोरीनं पापणीसुद्धा हलवली नाही.

नारळ फुटला, फीत कापली, टाळ्या पडल्या. आप्पासाहेब आत गेले आणि मधोमध थबकले.

"डॉक्टर, पेशंट कुठायत?"

"देवाच्या दयेनं एकही नाही, आप्पासाहेब," डॉक्टर रणजित हात चोळत म्हणाले.

"म्हंजे? वॉर्ड म्हणून बोलावलं का मंगल कार्यालय दावायला? तालुक्याच्या पेपरचा फोटोवाला आणलाय मी."

"रिकाम्या खाटा छापल्या तर लोक फर्निचरची जाहिरात समजतील, साहेब," फोटोवाल्यानं भर घातली.

तेवढ्यात ओळीतून स्वरूपाचा आवाज आला.

"व्हरांड्यात एक पोर हाय, साहेब. डोळे खोल गेलेत. खाट द्याल का तिला?"

द्वारकाबाईंनी डोळे वटारले. डॉक्टरांना मात्र बुडत्याला काडी सापडल्यासारखं झालं. पोरीला गॅस्ट्रो आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तरी ते घसा साफ करून म्हणाले, "हो हो, संशयित रुग्ण! आणा, आणा आत."

स्वरूपानं ताट खाली ठेवलं, पळत जाऊन नकोशीला उचललं आणि दारातून आत पाऊल टाकलं. पुढचं सगळं एका मिनिटात झालं. संशयित रुग्ण खरोखरच येतो म्हटल्यावर आप्पासाहेब उपरण्यानं नाक दाबून मागच्या दारानं निघाले. त्यांच्या मागं फोटोवाला. त्यांच्या मागं डॉक्टर, कारण साहेबांना गाडीपर्यंत सोडायला कुणीतरी हवंच. द्वारकाबाई मागच्या दारातच अडकल्या होत्या.

"मॅडम, किल्ली!"

त्यांनी जुडगा लांबून फेकला. "लाव बाई सलाईन! आणि किल्ली परत आणू नकोस!"

हात बांधायला रबरी पट्टी नव्हती. स्वरूपानं उंबऱ्यावर पडलेली लाल फीत उचलली आणि नकोशीच्या दंडाला आवळली. शीर दिसेना. पहिल्यांदा सुई टोचली, चुकली. दुसऱ्यांदाही. तिनं डोळे मिटले, कोकराच्या मानेवर वडील ठेवायचे तसं बोट हलकेच ठेवलं आणि वाट पाहिली. खाली काहीतरी दोऱ्यासारखं लागलं. तिसऱ्यांदा नळीत रक्त दिसलं.

"लागलं गं!" ओळीतली वैष्णवी ओरडली. मग मनिषाला म्हणाली, "बघत काय बसलीस? बाकीच्यांना आण आत. ही किल्ली पुन्हा कोण देणारे?"

दिवेलागणीपर्यंत व्हरांड्यातले बाकीचे चौदाही जण नव्या चादरींवर होते. नकोशीनं डोळे उघडले, पंख्याकडं बघितलं आणि घडी मोडलेल्या त्या चादरीवर धो धो मुतली. सारजा कावरीबावरी झाली. "अगं बया! नवी कोरी चादर, नर्सबाई! म्या धुऊन देते."

"राहू दे, राहू दे," स्वरूपा हसताना रडत होती. "मुतली म्हंजे वाचली गं." तिनं पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. सपाट झाली.

खिडकीबाहेर, दहा हात लांब, द्वारकाबाई तोंडाला चौपदरी फडकं बांधून उभ्या होत्या. "आप्पासाहेबांचा हुकूम आहे! पेशंटला हात लावलेल्या मुलींनी दहा दिवस बाहेर यायचं नाही!"

"बरं मॅडम. आणि फॉर्म?"

"कागद बाहेर देऊ नकोस! इथूनच भरते मी तुझा!"

द्वारकाबाई गेल्या. मग सारजा हळूच म्हणाली, "नर्सबाई, माज्या पोरीला झालंय तरी काय? समदी पळाली ती?"

"काय न्हाय, हगवण," स्वरूपा दंडावरची फीत सोडत म्हणाली. "पर दहा दिस कुणाला बोलू नगंस."